सूत, संसार आणि तुमची पत्रं

मागच्या अंकात मी टकळीबद्दल, म्हणजे हाताने फिरवून सूत कातायच्या चकतीच्या काडीबद्दल, लिहिलं होतं. वर्धा जिल्ह्यातल्या शाळेत मी सूतकताईचा तास घेत असे, आणि निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे राहायला आल्यावरही संध्याकाळचं कातणं सोडलेलं नाही, एवढाच त्याचा विषय होता. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं. त्यातली चार इथे घेते. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्याच अर्थाची पत्रं बरीच होती. घरात आजारी माणूस, दिवसभराची धावपळ, आणि त्यातून चोरून काढलेली थोडी मिनिटं. ही पत्रं लिहिणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दोन खोल्यांत राहतो. सासूबाईंना विस्मरणाचा आजार आहे, त्यांच्यासाठी मी नोकरी सोडली. मुलगा दहावीला आहे. माळा आवरताना सासऱ्यांचा पेटी चरखा सापडला. त्याच्या चातीवर, म्हणजे सूत गुंडाळलं जातं त्या टोकदार काडीवर, सुताची अर्धी कुकडी तशीच होती. व्हिडिओ बघून मी कातायला लागले, पण धागा सारखा तुटतो. तरीसुद्धा तेवढ्या वेळात डोकं शांत होतं. मिस्टर म्हणतात, "सूत काय बाजारात मिळत नाही?" मुलाला कुरकुर आवाजाचा त्रास होतो. आणि मलाही वाटतं, घरात एवढं काम पडलेलं असताना मी हे काय करत बसलेय? ती जुनी कुकडी काढून टाकू का? — एक वाचक, डोंबिवली

कुकडी टाकू नका. नवं कातायला बसताना चातीवर हातभर तयार धागा लागतोच, त्याच्या टोकाला पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळलेली नळी, धरून पुढचा धागा काढायचा असतो. आधी सासऱ्यांचं सूत थोडं ओढून बघा. माळ्यावर वर्षानुवर्षं उन्हाळे-पावसाळे काढलेलं सूत कधी कधी जीर्ण होतं. ओढीला टिकलं, तर वरचं सगळं हळूच उतरवून एका पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवा, हातभर चातीवर राहू द्या आणि तिथूनच तुमचं कातणं सुरू करा. पुठ्ठ्यावरचं सूत कोमट पाण्यात बुडवून सावलीत वाळवलंत, की पुढे कशालाही वापरता येईल.

तुमच्याकडे आहे तो चरखा म्हणजे येरवडा चक्र. मोठा उभा चरखा घेऊन प्रवास करता येत नव्हता. सुधारित चरख्यासाठी 1929 मध्ये एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. पुढे 1930 मध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना हा पेटीत मिटणारा चरखा आकाराला आला. दोन चाकं असल्यामुळे जागा कमी लागते आणि वेग मात्र कमी होत नाही. मूठ मोठ्या चाकाला, त्याची माळ, म्हणजे फिरवणारी दोरी, लहान चाकाला आणि लहान चाकाची माळ चातीला. दोन खोल्यांच्या घरासाठी याहून सोयीचं साधन मला माहीत नाही. कातून झालं की पेटी बंद, कपाटाखाली.

मुलाची तक्रार खरी आहे आणि तिच्यावर उपायही आहे. चाती जिथे टेकते तिथे आणि दोन्ही चाकांच्या मध्यावर शिवणयंत्राचं तेल एकेक थेंब सोडा. खोबरेल घालू नका, ते चिकट होऊन बसतं आणि त्यावर कापसाचा भुगा जमतो. पेटीखाली सतरंजीची दुहेरी घडी घाला. त्यानंतरही आवाज आला तर चाती काढून काचेवर लोळवून बघा. ती किंचित जरी वाकलेली असली तरी उडते, थडथडते आणि धागाही तोडते. माळ सैल होऊन घसरत असेल तर तिला थोडं मेण चोळा.

आता धाग्याचं. तुटला की लगेच सांधायची घाई करू नका, आधी तुटलेलं टोक बघा. टोक लांब, निमुळतं आणि लव सुटलेलं असेल तर पीळ कमी पडला आणि तंतू एकमेकांवरून सरकून सुटले. म्हणजे डावा हात मागे नेण्याची घाई झाली. टोक गुरफटलेलं, आकडी पडल्यासारखं असेल तर पीळ जास्त झाला. म्हणजे उजवा हात फिरत राहिला आणि डावा थबकला. शिकणाऱ्या बहुतेकींचं पहिलं कारण असतं. डाव्या हाताची बोटं पेळूवर अगदी हलकी ठेवायची, तंतू स्वतःहून निघून येतील इतकीच. हात पूर्ण मागे गेला की तिथे थांबून मूठ आणखी थोडी फिरवायची, धाग्याला पक्का पीळ द्यायचा. मग चाक किंचित उलटं, धागा चातीच्या टोकावरून सुटला की हात बाजूला घेऊन गुंडाळायचा. सांधताना गाठ मारू नका. तुटल्या टोकाची लव बोटांनी जरा मोकळी करा, पेळूचे तंतू त्यावर बोटभर ठेवा, मूठ फिरवा. धागा आपोआप एकजीव होतो.

पेळू कसले वापरताय हे तुम्ही लिहिलेलं नाही. औषधाच्या दुकानातल्या कापसाचे करत असाल तर थांबा. तो कापूस जखमेसाठी असतो, तंतू आखूड आणि गुंतलेले, त्यातून सरळ धागा ओढला जात नाही. गादीवाल्याकडचा जुना पिंजलेला कापूसही नको. खादी भांडारात चौकशी करून पेळू मिळवा, किंवा विदर्भातलं कुणी ओळखीचं असेल तर ताजा कापूस मागवा. पावसाळ्यात पेळू सर्द होतात, त्यांना ऊन दाखवून झाकणाच्या डब्यात ठेवायचे.

मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला संकोच करू नका. सूत बाजारात मिळतं, स्वस्त मिळतं, हे खरंच आहे. तुम्हाला त्या सुतापेक्षा ती वीस मिनिटं हवी आहेत, असं त्यांना सरळ सांगा. आपल्याकडे बायका कामाच्या नावाखाली विश्रांती घेतात, कारण नुसतं बसलेलं बघवत नाही कुणाला. तुम्ही तसं करू नका. विश्रांती म्हणूनच बसा. एखाद्या रविवारी त्यांना शेजारी बसवून मूठ हातात द्या. त्यांच्या वडिलांचा चरखा आहे, लहानपणी तो आवाज त्यांनी ऐकला असणार. ते काय बोलतात ते ऐकण्यासारखं असेल.

माझ्या अनुभवात चरख्याची मोठी सोय अशी, की तो कुठल्याही क्षणी सोडता येतो. कुकरची शिट्टी झाली, दारावरची बेल वाजली, आतून हाक आली, तर मूठ सोडायची आणि उठायचं. विणकामात टाके गळतात, शिवणात टीप वाकडी जाते, वाचनात दुवा तुटतो. कातण्यात धागा आहे तिथेच थांबतो. हात गुंतलेले असतात आणि कान घरभर मोकळे असतात. आजारी माणसाच्या घरात असं दुसरं काम शोधूनही सापडत नाही. आणि मनात राग असला तर पहिले काही तार जाडेभरडे निघतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. मग श्वास संथ होतो तसा हातही संथ होतो आणि धागा सारखा यायला लागतो. समजवायला कुणी नसतं, रागावायला कुणी नसतं, फक्त आपल्या हाताने काय केलं ते लगेच समोर दिसतं.

सासूबाईंना यात घ्या. चरखा त्यांच्या हाती देऊ नका, चातीचं टोक बोटात शिरण्याइतकं अणकुचीदार असतं. पेटी उघडी टाकून उठूही नका. त्यांना सरकी काढलेला कापूस द्या. आमच्या सासूबाईंना शेवटी शेवटी माझं नाव आठवत नव्हतं. पण मांडीवर कापूस ठेवला की त्याचा पातळ पापुद्रा काढायच्या, तळहातावर लांबट करायच्या, मध्ये मध्ये दोन बोटांनी पीळ देऊन गेजा पाडायच्या आणि प्रत्येक पिळावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवायच्या. देवाची वस्त्रं. ठिपक्यांमधलं अंतर कुठे चुकायचं नाही. गौरी-गणपतीच्या दिवसांत आमच्या आळीत सगळ्यांकडे त्यांचीच वस्त्रं जायची, आणि शेजारीण घ्यायला आली की त्या पाठ ताठ करून बसायच्या. वस्त्रं करायची सवय नसेल तर फुलवाती द्या. बोटांना किंचित दूध लावून वरचं टोक वळायचं, इतकंच. केलेल्या वाती कमी-जास्त झाल्या, वाकड्या झाल्या तरी उलगडून पुन्हा करायला लावू नका, आणि त्यांच्यादेखत टाकू नका. कापूस तोंडात घालायची सवय असेल तर मात्र हा प्रयोग करू नये. उशीच्या अभ्र्याच्या कडेला जाडसर दोरा ओवून गाठी मारलेल्या असतील तर त्या चाचपत बसण्यातही कित्येकांचा वेळ बरा जातो.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. चरखा तुम्हाला वीस मिनिटं देईल. रात्रीची झोप आणि आठवड्याची सुट्टी तो देणार नाही. ती घरच्यांनी द्यायची आहे. रविवारची सकाळ मिस्टरांनी आणि मुलाने मिळून सांभाळायची, असं ठरवून टाका. दहावीच्या मुलाला आजीला भरवता येतं. सतत रडू येणं, जेवण न जाणं, झोप उडणं यांतलं काही असेल तर डॉक्टरांशी स्वतःसाठी बोला, सासूबाईंच्या गोळ्यांसाठी जाल तेव्हाच.

प्रश्न : मावशी, मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. इथे पायाने चालवायचं चाक घेतलं आणि मेंढीची लोकर कातायला शिकले. मुलगी झोपली की तासभर कातते, तेवढाच माझा वेळ. आईने यवतमाळहून पेळू पाठवले आहेत, पण माझ्या चाकावर कापूस टिकतच नाही. हातातून निसटून चाकावर ओढला जातो. मुलगी सात वर्षांची आहे, तिलाही शिकायचं आहे. — एक वाचक, जर्मनी

तू मावशी म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते.

लोकरीचे तंतू बोटभर लांब असतात, कुरळे असतात आणि त्यांच्यावर सूक्ष्म खवले असतात, त्यामुळे ते एकमेकांना धरून ठेवतात. कापसाचा तंतू दोन-तीन सेंटिमीटरचा आणि बराच गुळगुळीत. त्याला धरून ठेवायला पीळच लागतो, आणि तो पटकन पोचावा लागतो. तुझं पायाचं चाक धागा स्वतःकडे खेचून घेतं. लोकरीला ती ओढ चालते, कापसाला पीळ पोचायच्या आत तुटायला होतं. ओढीचा ताण जितका कमी करता येईल तितका कर, माळ सगळ्यात लहान कप्पीवर घे, पाय नेहमीपेक्षा भरभर चालव आणि हात सावकाश मागे ने. दोन्ही हातांनी चिमटीत धरून ओढायची लोकरीची सवय इथे सोड. पेळू एका हातात, सैल.

पण माझं ऐकशील तर आईला टकळी पाठवायला सांग. पितळेची चकती आणि पोलादी काडी, पाकिटात मावते. ती लोंबती ठेवून कापूस कातू नकोस, तिच्या वजनानेच धागा तुटतो. टोक वाटीत किंवा नारळाच्या करवंटीत टेकवायचं आणि वरच्या टोकाला चिमटीने फिरकी द्यायची. करवंटी घसरते म्हणून तिच्याखाली रुमालाची चुंबळ. तासभर मिळतो म्हणतेस, तो या कामाला भरपूर आहे.

मुलीला एकदम टकळी देऊ नकोस. मी वर्गात पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात पेळू द्यायची आणि सांगायची, तोड. तो फुसकन सुटायचा, मुलं हसायची. मग दुसरा पेळू द्यायची, एक टोक शेजाऱ्याला धरायला सांगून दुसऱ्याला पीळ घालायला लावायची आणि पुन्हा सांगायची, तोड. आता दोघं दोन बाजूंनी ओढताहेत, तोंडं लाल झाली आहेत आणि तुटत नाही. पीळ म्हणजे काय हे त्यानंतर कुणाला समजावून द्यावं लागत नसे. तुझ्या मुलीला हे आधी दाखव. मग तुझ्याकडची लोकर तिला बोटांनीच वळू दे, दोन रंगांची दे, त्याची हातातली कडी करू दे. कापूस नंतर.

आणखी एक, तू विचारलेलं नाहीस तरी. 1937 मध्ये वर्ध्याला जी शिक्षण परिषद झाली, तिच्यातून नई तालीम पुढे आली. हातातल्या उद्योगातून बाकीचे विषय शिकवायचे, असा तिचा विचार. आमच्या शाळेपर्यंत तो पोचेतो बराच पातळ झाला होता, पण तार मोजण्यातून गणित शिकवणं शिल्लक होतं. चार फुटांचा एक तार, 160 तारांची एक लट, चार लटींची म्हणजे 640 तारांची एक गुंडी. चार फूट घेराच्या फाळक्यावर सूत गुंडाळताना मुलं मोठ्याने मोजायची. परदेशात वाढणारी मुलं एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी इथे हमखास अडतात, माझा नातूही अडतो, आणि तो पुण्यात आहे. दोन खुर्च्यांच्या पाठी बेताच्या अंतरावर ठेवल्या की फाळका तयार. तू गुंडाळ, तिला मोजू दे. जर्मन आकड्यांत मोजायचं नाही एवढाच नियम ठेव.

प्रश्न : मी एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालो. माण तालुक्यात राहतो. दिवसभर माणसांत असायची सवय, घरात बसून जीव कोंडायला लागला. आपला लेख वाचून टकळी घेतली. बरं वाटतं. पण सूनबाई हसतात, मित्र म्हणतात बायकांचं काम करतोस. आमच्याकडे मेंढ्या भरपूर, लोकर कातता येईल का? — एक वाचक, जि. सातारा

दादा, तुमच्याच गावच्या माळावर जा आणि मित्रांना बरोबर न्या. मेंढरांमागे चालता चालता लोकर कातणारे धनगर मी त्या भागात स्वतः पाहिले आहेत, आणि ते पुरुष होते. माझे वडील टकळीवर सूत काढून घरच्या घरी जानवी करायचे. चार बोटांभोवती 96 वेढे मोजून घ्यायचे, आणि ते मोजत असताना आम्ही कुणी बोलायचं नाही अशी शिस्त होती. विनोबा टकळीवर कातत. तुरुंगात सत्याग्रही कातत. हे बायकांचं काम आहे असं कुणी म्हटलं तर हे सगळं सांगायची गरज नाही, हातातली टकळी फिरती ठेवा.

लोकर जरूर काता. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, काळी किंवा करडी, अंगाला टोचते. परदेशी मऊ लोकरीच्या मानाने तिला भाव नाही, आणि अलीकडे गिऱ्हाईक नसल्यामुळे कातरलेली लोकर टाकून द्यायची वेळ मेंढपाळांवर येते, याचं मला फार वाईट वाटतं. कारण घोंगडीला तीच लागते. सनगर विणकर तिचा धागा मागावर घेतात, त्याला चिंचोक्याची खळ देतात आणि तयार होते ती घोंगडी थंडी अडवते, बेताचा पाऊस अडवते आणि माणसाला उभी हयात पुरते. म्हसवडच्या बाजूला अजून सनगरांची घरं आहेत. त्यांच्यातल्या जुन्या जाणत्या बाईकडे चार दिवस जाऊन बसा. लोकर निवडायची कशी, पिंजायची कशी, हे मी कागदावर सांगण्यापेक्षा त्या हातांनी दाखवतील. त्यांच्यातल्या कातणाऱ्या आता म्हाताऱ्या झाल्या आहेत, तेव्हा लांबणीवर टाकू नका. तुम्हाला माणसांत बसायला मिळेल ते वेगळंच.

लोकरीला टकळी थोडी मोठी, लाकडी, जड चकतीची घ्या. ती लोंबती चालते. कातायला घराच्या ओट्यावर बसा. जाणारा-येणारा थांबतो, विचारतो, आणि एस.टी.त आयुष्य काढलेल्या माणसाला तेवढं हवंच. सूनबाईंनाही ओट्यावर पाणी आणून देता देता कधीतरी बसावंसं वाटेल.

प्रश्न : मला कातायला खूप आवडतं. घरात सुताच्या कुकड्या साठल्या आहेत. यातून काही कमाई होईल का? नाही तर या सुताचं करू काय? घरचे म्हणतात, पसारा झालाय. — एक वाचक, नागपूर

कमाईबद्दल हिशेबच मांडते. साध्या जाडसर सुती साडीला इंचाला चाळीस तार ताणा, म्हणजे उभं सूत, आणि तितकाच बाणा, म्हणजे आडवं सूत, धरा. साडेपाच मीटर लांबी, पंचेचाळीस इंच पन्हा. एकूण सूत लागतं सुमारे वीस किलोमीटर, म्हणजे पंचवीसच्या वर गुंड्या. माझ्या हातून पेटी चरख्यावर एक गुंडी व्हायला दोन-अडीच तास जातात. साठेक तास नुसते कातण्याचे, त्यानंतर विणकराची मजुरी. या तासांचा रास्त मोबदला धरून साडीची किंमत काढा आणि ती देणारं गिऱ्हाईक तुमच्या ओळखीत आहे का ते बघा. कातणाऱ्याला जगण्याइतकी मजुरी मिळत नाही, हे विनोबांनी वर्ध्याजवळ नालवाडीला असताना कातण्याच्या मजुरीवर राहूनच अजमावलं होतं. तेव्हा आवडीच्या कामावर घरखर्चाचा भार टाकू नका, असं माझं मत आहे. कमाईची खरी गरज असेल तर तिच्यासाठी दुसरं काम बघा आणि हे आपल्यासाठी राखून ठेवा. मला हे लिहिताना आनंद होत नाही, पण खोटी आशा लावणं त्याहून वाईट.

सुताचं मात्र पुष्कळ करता येतं. आधी कुकड्या मोडून गुंड्या करा. गुंडीला चार ठिकाणी सैल बंद घाला, नाही तर धुताना गुंता होईल. पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा घालून अर्धा तास उकळा. पाणी पिवळट-तांबूस होतं, तो कापसातला मेणचटपणा निघाला. यामुळे पीळ बसतो, सूत मऊ होतं आणि पाणी शोषायला लागतं. काठीवर वाळत घालताना खालून पाण्याची छोटी बाटली अडकवून ताण द्या.

वाळलेली गुंडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि 454 ला तिच्या वजनाच्या ग्रॅमांनी भागा. येणारा आकडा म्हणजे जवळजवळ तुमच्या सुताचा अंक, म्हणजे बारीकपणाचं माप. अंक मोठा तितकं सूत बारीक. पावणेतेवीस ग्रॅम भरली तर वीस अंकी, पंचेचाळीस ग्रॅम भरली तर दहा अंकी. सुरुवातीच्या काळातलं दहा अंकी, कमी-जास्त जाडीचं सूत फेकू नका, त्याची वेगळी मजा आहे. दोन तार एकत्र घेऊन चरखा उलट्या दिशेने फिरवून दुपदरी करा. दुपदरीला मूळ पीळ थोडा सैल होतो आणि दोन्ही तार एकमेकांना धरून बसतात, जाडी-भरडी जागा एकमेकींना सांभाळून घेतात. हे सूत क्रोशाला फार चांगलं. हात पुसायचे रुमाल, भांडी घासायचा जाळीदार तुकडा, गरम पातेलं उचलायच्या चौकटी करा. घरात रोज वापरात आलं की पसारा म्हणणं थांबेल. बाळाला करदोटा, राखीचा दोरा, वटपौर्णिमेचं सूत यांसाठी घरचं असताना विकतचं आणूच नका.

बारीक, एकसारखं सूत जमायला लागलं की नागपूर-वर्ध्याकडच्या खादी संस्थांत चौकशी करा. सूत देऊन कापड घ्यायची जुनी पद्धत आहे, ती कुठे कुठे चालू असते. वर्ध्याचं मगन संग्रहालय बघून या. 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते ते सुरू झालं, तिथे तऱ्हेतऱ्हेचे चरखे आहेत. वर्ध्याजवळ पवनारला, विनोबांच्या आश्रमाच्या गावी, 12 फेब्रुवारीला गांधीजींच्या स्मरणार्थ भरणाऱ्या मेळ्यात सूतांजली द्यायची प्रथा विनोबांनी घातली. स्वतः कातलेली वर्षाची एक गुंडी, 640 तारांची. देणार असाल तर त्या गुंडीचं सूत एका हाताचं, एका अंकाचं असू द्या आणि बंद घालायला दोराही स्वतःच कातलेला घ्या.